पुढच्या कप्प्यातला पट्टा

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. तीन अंगांची, एका शिडाची आणि एका माणसापुरती. तळ्याच्या धक्क्यावर नवीन मुले आली की कोणी ना कोणी माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "ही बघा, ही एकटी अख्खं तळं पार करून आली होती!" मुले टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या ऐकल्या की मला कुठे तोंड लपवू असे होते. होडीला तोंड लपवता येत नाही, म्हणून आज मी सगळे सांगूनच टाकते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. शेड तळ्यापासून दोन गल्ल्या आत होती. तिथे सुतारकाका शाळांची बाके आणि दवाखान्यांची कपाटे बनवत. शेजारच्या खोलीत त्यांच्या बायकोचे शिवणकाम चाले. गल्लीतली मुले त्यांना नुसते काकू म्हणत. काकू कपडे शिवत नसत. ताडपत्र्या, तंबू, सोफ्याची कव्हरे, बॅगांचे पट्टे असे जाड काम त्यांच्याकडे येई. त्यांची सुई काकांच्या खिळ्यांपेक्षा जाड होती. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला एक खिडकी होती. तिच्यातून टेप, कात्री, चहाचे कप आणि भांडणे असे सगळे इकडून तिकडे जाई.

सुतारकाकांनी मला एका हिवाळ्यात बनवले. पातळ प्लायवूडच्या फळ्या तारेने टाचल्या, सांध्यांत राळ भरली, वरून काचेच्या धाग्यांचे कापड चढवले. तेव्हा मी साधी कयाक होते, म्हणजे पाय लांब करून बसायची आणि वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. पहिल्याच दिवशी काका माझ्यात बसले आणि धक्क्यापासून दोन हातांवर आम्ही दोघे उलटलो. काकांची थोरली बहीण, जिला सगळे आक्का म्हणत, धक्क्यावर उभी होती. ती म्हणाली, "आंघोळच करायची होती तर घरातलं पिंप काय वाईट होतं रे?" माणसे पोट धरून हसली.

ते हसणे काकांना फार लागले. त्यांनी पुढचे दोन महिने खपून माझ्या दोन्ही बाजूंना दोन लांबट, पोकळ तरंगते जोडले. त्यांना उलांड्या म्हणतात. दोन आडव्या दांड्यांनी त्या माझ्या अंगाला घट्ट बांधल्या. मग मधोमध एक छोटी डोलकाठी आली, मागे सुकाणू आले आणि काकूंनी शिवलेले केशरी शीड आले. आता मी हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसासारखी झाले. कोणत्याही बाजूला कलायला लागले की तिकडची उलांडी मला सावरी.

"आता हिच्यावर बसून चहा प्यावा," काका म्हणाले. "ही उलटायचीच नाही."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्या फळ्या फुगून आल्या असतील. पुढे ते मी शंभरदा ऐकले आणि शंभरही वेळा खरे मानले.

शीड लावून पाण्यात जायच्या दिवशी काकू धक्क्यावर आल्या. त्यांच्या हातात शिट्टी लावलेले एक लाइफ जॅकेट होते आणि स्वतः शिवलेला एक लांब पट्टा होता. पट्ट्याचे एक टोक माझ्या डोलकाठीच्या बुडाशी असलेल्या कडीत अडकवायचे आणि दुसरे माणसाच्या कमरेला.

काका म्हणाले, "अगं, मला पोहता येतं."

"गार पाण्यात अचानक पडलं की पोहणाऱ्यालासुद्धा आधी श्वास घेता येत नाही. जॅकेट घालायचं."

"बरं, जॅकेट घालतो. पण पट्टा कशाला? ही उलटत नाही."

"म्हणूनच तर," काकू म्हणाल्या. "उलटणारी होडी माणसाजवळच पालथी पडून राहते. ही उलटणार नाही. तुम्ही पडाल आणि ही शीड फुगवून निघून जाईल."

मित्रांनो, मला तेव्हा त्यांचा राग आला होता. मी आणि काकांना टाकून जाईन?

काकूंचा आणखी एक नियम होता. कुठे जाणार आणि किती वाजता परत येणार ते सांगून जायचे, आणि आल्यावर आलो म्हणून सांगायचे. काका कुरकुर करत, पण पाळत.

तीन वर्षे आम्ही छान काढली. आमचे तळे मोठे आहे. स्वच्छ हवेत समोरचा काठ निळ्या रेघेसारखा दिसतो, नाहीतर दिसतच नाही. अशा तळ्याची पुष्कळ माणसे चेष्टा करतात, हे काय समुद्र आहे का म्हणतात. पण तळ्याच्या लाटा आखूड आणि एकामागून एक येतात, मधे दम घेऊ देत नाहीत. काठावरून पाण्याकडे वाहणारा वारा तर फार फसवा. काठाशी पाणी आरशासारखे दिसते आणि आत गेले की वारा पाठीत धक्के मारू लागतो, आणि परत यायचे म्हणजे त्याच्याच तोंडावर यायचे. लाटांच्या डोक्यांवर पांढरा फेस दिसला की शीड थोडे गुंडाळून लहान करायचे आणि घरी वळायचे. हे सगळे काका हळूहळू शिकले. पट्टा ते नेहमी बांधत. शिडाचा दोरही बहुतेक वेळा हातात धरत. दोर अडकवायला माझ्या उजव्या काठावर एक दातेरी चिमटा होता. त्यात दोर घातला की तो आपोआप घट्ट बसे आणि हात मोकळे राहत. काकू म्हणत, "तो चिमटा मला आवडत नाही." काका म्हणत, "तुला काय आवडतं?"

माझे नाव झाले. पोहण्याच्या वर्गाच्या बाई मला बघायला आल्या. त्यांना मुलांसाठी छोट्या शिडाच्या होड्या सुरू करायच्या होत्या. मला त्यांनी सगळीकडून पाहिले, पण काकूंचा पट्टा त्यांनी जास्त वेळ पाहिला. उलटासुलटा करून, ओढून, टाके नखाने खरवडून. मग म्हणाल्या, "असे बारा हवेत मला." काकू दोन दिवस गुणगुणत होत्या. तळ्यावर प्रवासी लाँच चालवणारे मामा होते, त्यांनीही लहान मुलांना बाकाला बांधायचे पट्टे काकूंकडूनच शिवून घेतले होते.

मग ती सकाळ आली.

थंडी नुकती सरत होती. ऊन उबदार होते, पण पाणी अजून बोटे बधिर करणारे होते. सुट्टीचा दिवस होता. काका खिडकीतून म्हणाले, "टोकाच्या अलीकडेच राहीन. एकला जेवायला येतो."

आमच्या काठाजवळ जमिनीची एक सोंड पाण्यात गेलेली आहे, तिला टोक म्हणतात. टोकाच्या अलीकडे पाणी शांत होते. पट्टा काकांच्या गुडघ्यात सारखा अडकत होता. दोनदा त्यांनी तो सोडवला. तिसऱ्यांदा म्हणाले, "छे! आत्ता कशाला हा?" त्यांनी तो दोन्ही टोकांनी सोडला, नीट गुंडाळला, बसल्या जागेच्या पुढे माझ्या पोटात जो कप्पा आहे त्यात ठेवला आणि गोल झाकण फिरवून बंद केले. मला काहीच वाटले नाही. उलट बरे वाटले. माझ्यावरचा विश्वास आहे हा, असे मला वाटले.

मग ते टोकाच्या पलीकडे गेले. थोडेसेच जायचे म्हणून गेले. तिथे वारा पाठीशी आला आणि मी अशी पळू लागले की काका लहान मुलासारखे ओरडले, "चल, बेटापर्यंत!" बेट म्हणजे पाण्यातला एक खडक आहे, त्यावर पक्षी बसतात. लाटांवर पांढरा फेस दिसायला लागला होता. शीड लहान करायला हवे होते. वळायला तर त्याच्या आधीच हवे होते. काकांनी दोर चिमट्यात अडकवला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन आळस दिला.

तेवढ्यात सुकाणूत पाणगवत गुंतले. सुकाणू वळेना. काका मागे वळले, माझ्या शेपटीवर पालथे झाले आणि एका हाताने गवत ओढू लागले. वाऱ्याचा एक जोरदार झोत आला. माझी उलांडी पाण्यात दबली, मी हिसका दिला, आणि काकांचा हात सुटला.

एकदाच पाण्याचा आवाज झाला. काही क्षण काहीच ऐकू आले नाही. गार पाण्याने त्यांचा श्वास कोंडला असणार. मग हाक आली.

"थांब! अगं, थांब!"

माणसाला मारावी तशी त्यांनी मला हाक मारली. सुकाणू गवताने सरळ जखडलेले होते. शीड फुगलेले होते, दोर चिमट्यात होता. आणि माझ्यावरचे वजन गेलेले होते. मी इतक्या वेगाने जन्मात कधी गेले नव्हते. मित्रांनो, खरे सांगायचे ठरवलेच आहे तर हेही सांगते. त्या वेगाचा मला क्षणभर आनंद झाला. मागे माझा माणूस पाण्यात होता आणि मी क्षणभर फक्त माझा वेग अनुभवत होते. आजही ते आठवले की माझी मला किळस येते.

हाक लहान होत गेली. मग शिट्टीचा आवाज आला. मग तोही येईना.

मी तळे पार करून समोरच्या काठाच्या लव्हाळ्यांत जाऊन थांबले. माझ्या अंगावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

काका वाचले, ते काकूंमुळे. एक वाजला, सव्वा झाला. दीडला काकूंनी लाँचवाल्या मामांना फोन केला. मामा म्हणाले, "वहिनी, येतील की, सुट्टीचा दिवस आहे." काकू म्हणाल्या, "ते एक म्हणाले होते. तुम्ही आत्ता निघा." मामा जेवणावरून उठले. टोकाच्या पलीकडे गेल्यावर त्यांना आधी काही दिसले नाही. मग त्यांनी इंजिन बंद केले आणि कान दिला. तेव्हा शिट्टी ऐकू आली, अगदी बारीक, मधेच तुटणारी. काका जॅकेटच्या आधाराने तरंगत होते, गुडघे पोटाशी घेऊन. दोन तास झाले होते. ओठ निळे पडले होते आणि शिट्टी दातांत धरलेली होती. हाताने धरायची ताकद उरली नव्हती.

पुढचे मी नंतर शेडमध्ये ऐकले, मामांच्याच तोंडून. लाँच धक्क्याला लागली तेव्हा निम्मी वस्ती तिथे जमली होती. काकू पाण्यात गुडघाभर पुढे आल्या आणि त्यांनी पहिलेच विचारले, "पट्टा? पट्टा कुठंय?"

काकांनी सगळ्यांकडे पाहिले. आक्का होती. मामा होते. पोहण्याच्या बाई होत्या. ही उलटत नाही म्हणून ज्यांना ज्यांना सांगितले होते ते सगळे होते. थंडीने दात वाजत असताना काका म्हणाले, "तुटला."

एवढा एकच शब्द. पण तो धक्क्यावरच्या प्रत्येकाने ऐकला.

दुसऱ्या दिवशी मला लाँचच्या मागे बांधून आणले. लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. वर्तमानपत्राचा एक माणूस आला आणि त्याने माझा फोटो काढला. 'एकटीने तळे पार करणारी होडी' असे त्याखाली छापून आले. मी तिथे उभी होते, दोन्ही उलांड्या पसरून, फोटोसाठी. आणि माझ्या पुढच्या कप्प्यात पट्टा होता. कोरडा, नीट गुंडाळलेला, एकही टाका न उसवलेला.

मला शेडच्या छताला दोरांनी टांगून ठेवले. काका छातीच्या आजाराने तीन आठवडे अंथरुणावर होते. खिडकी उघडीच असे, त्यामुळे शेजारच्या खोलीतले मला सगळे ऐकू येई.

आक्का येई आणि म्हणे, "देवानं वाचवलं बाई. नाहीतर तुझ्या त्या पट्ट्याच्या भरवशावर माझा भाऊ गेला होता." मग फक्त काकूंची कात्री चालल्याचा आवाज येई.

लाँचवाल्या मामांनी कोणाला न सांगता आपल्या बाकांचे पट्टे काढून टाकले. त्यांना काकूंना दुखवायचे नव्हते, पण काकूंनी ते एकदा लाँचमधून जाताना पाहिलेच.

पोहण्याच्या बाई आल्या. "सावकाश करा, घाई नाही. पण बारा पट्टे तुम्हीच करायचे."

"माझ्या हातचे नकोत बाई. दुसरीकडून घ्या."

"अहो, एक तुटला म्हणून काय झालं?"

"बुडायला एकच तुटलेला पुरतो," काकू म्हणाल्या. "मुलं आहेत ती."

त्यानंतर काकू पडदे शिवू लागल्या आणि उशांचे अभ्रे. ज्यावर कोणाचा जीव टांगलेला नाही असेच काम घेत. पूर्वी त्यांची मशीन सलग चाले. आता ती चार टाके चाले आणि थांबे. त्या शिवलेले परत बघत असाव्यात.

काका बरे झाले आणि कामाला लागले. पण माझ्याकडे ते बघत नसत. माझ्या खालून जायचे झाले तरी मान खाली घालून जात. एका दुपारी ते स्टुलावर चढले आणि त्यांनी माझ्या कप्प्याच्या झाकणावर हात ठेवला. अर्धे फिरवलेही. तेवढ्यात शेजारच्या खोलीत काकू खोकल्या. काकांनी झाकण होते तसे घट्ट केले आणि खाली उतरले. मला वाटले, बरे झाले. खरे उघडे पडले तर माझे नावही जाईल, हे मला कळत होते. आम्ही दोघे एकमेकांना सांभाळत होतो आणि पलीकडे काकू एकट्या होत्या.

पाच आठवड्यांनी, एका दुपारी, काका लाकूड आणायला गेलेले असताना काकू शेडमध्ये आल्या. त्यांच्याजवळ नवा शिवलेला पट्टा होता, तशाच पट्टीचा, तशाच धाग्याचा. तो त्यांनी छताच्या लोखंडी दांडीला अडकवला आणि खाली वाळूचे एक पोते टांगले. मग दुसरे. तिसरे टांगताना त्यांना धाप लागली. पट्टा ताणला, कुरकुरला, पण तुटला नाही. शेवटी त्या स्वतः पोत्यांवर चढून बसल्या आणि हिसके देऊ लागल्या. तेव्हाच काका दारात आले.

"अगं, काय करतेस हे?"

"बघतेय."

"पडशील. उतर खाली."

काकू उतरल्या नाहीत. "तीन पोती आणि मी. तरी तुटत नाही. तोच धागा आहे, तेच टाके आहेत. मग त्या दिवशी काय झालं? माझं काहीतरी चुकलंय आणि मला ते सापडत नाहीये. रोज शोधतेय. बारा पोरांच्या कमरेला मी असलं काही बांधणार होते, अहो." "मला नुसतं कळू दे, कुठे चुकलं."

काका दाराला टेकले. हातातली फळी त्यांनी खाली ठेवली.

"तो तुटला नव्हता."

"मग? हुक निघाला?"

"मी बांधलाच नव्हता."

पोती हळूहळू गोल फिरत होती. काकू त्यांच्यावरून उतरल्या. "कुठंय तो?"

काकांनी माझ्याकडे बोट केले. "हिच्या पुढच्या कप्प्यात."

काकूंनी स्टूल ओढले, वर चढल्या आणि झाकण फिरवले. आतून कोंदट वास आला. त्यांनी पट्टा बाहेर काढला, उलगडला, आणि खिडकीच्या उजेडात नेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक टाक्यावरून अंगठा फिरवला. त्याला बराच वेळ लागला.

"पाच आठवडे," काकू म्हणाल्या. "पाच आठवडे मला माझ्याच हातांची भीती वाटत होती. आणि तू शेजारच्या खोलीत रंधा मारत होतास."

इतक्या वर्षांत काकूंच्या तोंडून काकांना 'तू' मी पहिल्यांदा ऐकले.

काका म्हणाले, "त्या दिवशी सगळे बघत होते, मला लाज वाटली. मग दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग रोज..." काकू पट्टा घेऊन निघून गेल्या. वाळूची पोती काकांनी एकट्याने उतरवली.

त्या दिवसापासून खिडकी बंद झाली. खिडकीला कडी आहे हेसुद्धा मला तेव्हाच कळले.

बाराव्या दिवशी सुट्टी होती. काकांनी मला खाली उतरवले, हातगाडीवर घातले आणि धक्क्यावर नेले. लोकांना वाटले, सुतार पुन्हा पाण्यात जाणार. मामा लाँच धूत होते. बाई मुलांना घेऊन आल्या होत्या. आक्काला काकांनी मुद्दाम बोलावले होते. काका माझ्याजवळ उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "मी इथंच खोटं बोललो होतो. पट्टा तुटला नव्हता. मी तो सोडून ठेवला होता आणि टोकाच्या पलीकडे गेलो होतो. माझ्या बायकोच्या शिवणीत काही खोट नव्हती."

आक्का त्यांचा हात धरून हळूच म्हणाली, "अरे, घरातली गोष्ट आहे. चारचौघांत कशाला?"

"तिला नावं ठेवली ती चारचौघांतच ना, आक्का?"

आक्काने हात सोडला. तिने पदराने तोंड पुसले आणि पाण्याकडे बघत राहिली.

मामा लाँचमध्ये गेले, बाकाखालची पेटी ओढली आणि काढून ठेवलेले पट्टे मांडीवर घेऊन बसले. "आता मी कुठल्या तोंडानं वहिनींसमोर जाऊ?" ते म्हणाले.

एका लहान मुलीने विचारले, "पण होडी तर शूर आहे ना? ती एकटी आली ना?"

काका खाली बसले, तिच्या डोळ्यांच्या रेषेत. "होडीनं काही शौर्य केलं नाही बाळा. मला टाकून ती पुढे गेली. तिला अडवणारं काही मीच ठेवलं नव्हतं."

मित्रांनो, माझ्याविषयी इतके खरे कोणी कधी बोलले नव्हते. लाजेने मी चूर झाले, आणि तरी थापांपेक्षा ते बरे वाटले.

त्या संध्याकाळी आक्का काकूंच्या खोलीत गेली. खिडकी बंद असल्याने मला फक्त खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि आक्काचे एकच वाक्य, "दे इकडे, दोरा ओवून देते. मला अजून दिसतं." मग बऱ्याच दिवसांनी मशीन सलग चालली.

पुढच्या सोमवारी काकू शेडमध्ये आल्या. त्या काकांना म्हणाल्या, "माफ केलं की नाही, ते मला अजून कळत नाहीये. कळेल तेव्हा सांगेन. बाईंना पट्ट्यांसाठी हो म्हटलंय मी, आणि ही होडीही मुलांना शिकायला द्यायची." मग त्यांनी पेचकस घेतला आणि माझ्या काठावरचा दातेरी चिमटा स्वतःच्या हाताने उपटून काढला. आता शिडाचा दोर हातातच धरावा लागतो. हात सुटला की दोर सुटतो, शीड रिकामे फडफडते आणि माझा वेग मरतो. उलांड्यांच्या बाजूंना त्यांनी पट्ट्यांचे फासे लावले, पाय ठेवून वर चढण्यासाठी.

काकू कधीच माझ्यात बसलेल्या नव्हत्या. पण मुलांना देण्याआधी सगळे करून बघायचे, असे त्यांनी ठरवले. पाणी उबदार झाल्यावर एका सकाळी त्या जॅकेट घालून माझ्यात बसल्या. कमरेला जुना पट्टा बांधला, तोच, माझ्या पोटातून निघालेला. काठाजवळच्या उथळ पाण्यात, मामांची लाँच शेजारी ठेवून, त्यांनी शीड भरून घेतले आणि जाणूनबुजून पाण्यात उडी टाकली.

तो क्षण मी कसा काढला ते माझे मला ठाऊक. मग दोर सुटला, शीड फडफडले, पट्टा ताणला. माझे नाक वाऱ्याकडे वळले आणि मी थांबले. काकू पट्टा ओढत ओढत माझ्यापाशी आल्या. फाशात पाय घातला. पहिल्यांदा घसरल्या, दुसऱ्यांदाही घसरल्या, तिसऱ्यांदा पोटावर सरकत वर आल्या.

धक्क्यावर काका उभे होते. हातातला दोर त्यांनी इतका आवळला होता की पुढे दोन दिवस वळ राहिले. काकू निथळत धक्क्यावर आल्या आणि म्हणाल्या, "कळलं? काठावर उभं राहणं काय असतं ते?"

काकांनी नुसती मान हलवली.

अशा रीतीने मी मुलांची शिकवणीची होडी झाले. माझ्यात बसायला मिळण्याआधी प्रत्येक मुलाला माझ्यावरून पडावे लागते आणि परत चढावे लागते. किती दिवसांनी ते आठवत नाही, पण एका दुपारी मधली खिडकी उघडली आणि आतून हाक आली, "अहो, टेप द्या जरा." काका टेप शोधायला असे धावले की दोन डबे सांडले.

आता मी म्हातारी झाले आहे. उजव्या उलांडीला ठिगळ आहे, शीड तिसरे आहे. माझी लाज मात्र गेलेली नाही, आणि ती जावी असे मला वाटतही नाही. ती आहे म्हणून मी कोणाला फसवत नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. होडी कितीही चांगली असो, ती तुमच्यासाठी मागे वळत नाही. पाणी शांत दिसले तरी जॅकेट घाला, पट्टा बांधा, शिडाचा दोर हातात ठेवा आणि कुठे जाता ते घरी सांगून जा. आणि कधी बांधायचे राहून गेलेच, तर 'बांधला नव्हता' असे सांगा. विचारील त्याला, विचारील त्या क्षणी, दात वाजत असले तरी. नाहीतर तुमच्यासाठी रात्रंदिवस टाके घालणारे कोणीतरी शेजारच्या खोलीत बसून आपल्याच हातांना दोष देत राहील.